खाण्यात काही सापडलं तर तक्रार कुठे आणि कशी करायची

बिस्किटांच्या पुड्यात अळी निघते. घरातलं कोणीतरी किळस येऊन पुडा कचऱ्यात टाकतं, दुसरं कोणी त्याआधी घाईघाईने व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं, तिसरं खाली जाऊन दुकानदाराशी भांडतं आणि पैसे परत आणतं. चार दिवसांनी कोणाला तरी वाटतं, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला हवी. तोवर हातात उरलेला असतो एक व्हिडिओ. त्यात अळी दिसते, बॅच नंबर दिसत नाही. पावती दुकानदाराने पैसे परत देताना ठेवून घेतलेली असते.

अशा तक्रारीवर अधिकाऱ्याला फारसं काही करता येत नाही, आणि मग आपण म्हणतो, ‘सगळे मिळालेले आहेत’. काही ठिकाणी असतीलही. पण बऱ्याच तक्रारी पहिल्या तासात आपल्याच हातून लुळ्या पडतात. खालचे टप्पे त्यासाठीच आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नका. महाराष्ट्रात राहणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कायदा देशभर एकच, अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६. कार्यालयं तेवढी बदलतात. गोव्यात बांबोळीला अन्न व औषध प्रशासन संचालनालय आहे.

## आधी ठरवा: तुम्हाला हवं काय आहे?

हा प्रश्न कोणी स्वतःला विचारत नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पैसे परत किंवा बदली माल हवा असेल तर दुकानदार, कंपनी किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन (१९१५). हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोचवून तडजोडीचा प्रयत्न करते. कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार तिला नाही.

त्या कारखान्याची, हॉटेलची किंवा मालाची तपासणी होऊन कारवाई व्हायला हवी असेल तर अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो ते. तिथे झालेला दंड सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही. ‘कंपनीला दंड झाला, मग माझे पैसे कुठायत?’ असं विचारत लोक कार्यालयात चकरा मारतात, ते हे माहीत नसल्यामुळे.

त्रासाची, दवाखान्याच्या खर्चाची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग.

तिन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येतं. एकीकडे गेल्याने दुसरीकडचा हक्क जात नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी मागणी वेगळी लिहावी लागते.

सावधान: छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा वजन कमी भरलं, तर ते एफडीएचं काम नाही. ती तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते. नळाचं पाणी गढूळ येत असेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायत. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज इकडून तिकडे पाठवण्यात महिना जातो आणि तोवर माल दुकानातून विकला गेलेला असतो.

## टप्पा १: पहिला तास

काहीही सापडलं की आधी हात थांबवा. अळी, केस, काचेचा तुकडा, जे काही असेल ते बाहेर काढू नका, धुऊ नका, ‘नीट दिसावं म्हणून’ ताटलीत मांडू नका. आहे तिथेच फोटो घ्या. पहिला फोटो दुरून, पूर्ण पुडा आणि वस्तू एकत्र दिसेल असा. दुसरा जवळून. तिसरा लेबलचा, त्यात बॅच नंबर आणि तारखा स्पष्ट वाचता यायला हव्यात. मूळ फोटो फोनमध्ये तसेच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोचा दर्जा घसरतो आणि तो कधी काढला याची नोंदही त्यातून निघून जाते.

बॅच नंबर बहुतेकदा पाकिटाच्या शिवणीवर, बाटलीच्या मानेवर किंवा झाकणावर छापलेला असतो, म्हणजे नेमका आपण कात्रीने कापून टाकतो तोच भाग. दुधाच्या पिशवीच्या बाबतीत हे सर्रास घडतं. कापलेला तुकडा कचऱ्यात असेल तर शोधून काढा, लाज बाळगू नका. कारण अनेक मोठ्या कंपन्यांचा एकच पदार्थ चार-पाच कारखान्यांत बनतो आणि लेबलवर लिहिलेलं असतं, ‘उत्पादन केंद्राचा पत्ता बॅच नंबरच्या पहिल्या अक्षरावरून ओळखावा’. तो तुकडा गेला की माल कुठल्या कारखान्यात बनला हेच कळायचा मार्ग बंद.

आता जपणूक. कोरडा पदार्थ असेल तर मूळ पाकिटासकट स्वच्छ झिप पिशवीत घालून बंद करा. नाशवंत असेल (दूध, पनीर, शिजवलेली भाजी, मिठाई) तर घट्ट झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठवल्याने जंतूंच्या तपासणीवर परिणाम होतो. पिशवीवर कागद चिकटवा: काय, कधी उघडलं, कधी सापडलं, त्या वेळी कोण हजर होतं. हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. घरच्यांबरोबर शेजारचं कोणी असेल तर बरं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याच बॅचचा न उघडलेला आणखी एक पुडा मिळत असेल तर तो आत्ताच पावतीसह विकत घ्या आणि तसाच ठेवा. उघडलेल्या पुड्याबद्दल समोरचा एकच वाक्य बोलतो, ‘तुमच्या घरी डबा उघडा राहिला असेल.’ बंद पुड्याला ते म्हणता येत नाही.

## टप्पा २: पावती, आणि नसेल तर काय

पावती आहे? लगेच फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. दुकानात मिळणाऱ्या चकचकीत कागदाच्या पावत्या थर्मल असतात. काही महिन्यांत त्यावरची अक्षरं उडतात आणि आयोगापुढे कोरा कागद घेऊन उभं राहायची वेळ येते.

पावती नसेल तर यूपीआयचा संदेश, कार्डाचा तपशील, डिलिव्हरी ॲपवरच्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट यातलं जे असेल ते जमवा. त्याने रक्कम, वेळ आणि दुकान सिद्ध होतं, वस्तू होत नाही. म्हणून परत जाऊन पावती मागा. पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे शांतपणे सांगितलं तरी बऱ्याचदा पावती निघते.

१ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी पावतीवर आपला १४ अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो नसेल तर तेही तक्रारीत लिहा.

मुदत संपलेला माल विकला गेला असेल तर पेच वेगळा असतो. साध्या पावतीवर बॅच नंबर नसतो, त्यामुळे दुकानदार म्हणतो, ‘हा पुडा तुम्ही सहा महिन्यांपूर्वी नेलेला.’ त्यावर एकच उपाय आहे. घरी जाण्याआधी, दुकानाच्या दारातच, पावती आणि पुड्यावरची तारीख एकाच फोटोत घ्या. मुदत संपल्यावर विकलेल्या मालाला विक्रेता जबाबदार असतो, असं अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. ‘कंपनीने उचलला नाही’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

सुट्या मिठाईच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानात मांडलेल्या सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणं सक्तीचं केलं गेलं होतं. दिवाळीत गर्दी असते, पाटी नसते. फोटोत ट्रे आणि नसलेली पाटी दोन्ही येऊ द्या.

तपासून घ्या: पुडा, कापलेला तुकडा, पावती, तीन फोटो, सह्या. यातलं एखादं नसेल तर पुढे जाण्याआधी मिळवायचा प्रयत्न करा. फोन, अर्ज, व्हिडिओ सगळं यानंतर.

## टप्पा ३: कोणी आजारी पडलं असेल तर

तक्रार नंतर, डॉक्टर आधी. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल, उलट्या थांबत नसतील, शौचातून रक्त जात असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर घरगुती उपायांवर वेळ घालवू नका.

दवाखान्यात केसपेपर घ्या आणि काय खाल्लं, कधी खाल्लं, त्रास कधी सुरू झाला हे डॉक्टरांना त्यावर लिहायला सांगा. नुसतं ‘जुलाब-उलटी’ लिहिलेल्या कागदाने अन्नाशी संबंध दिसत नाही. डॉक्टरांनी शौचाची तपासणी सुचवली तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी नमुना देता येईल का, हे त्यांनाच विचारा.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे शेवटच्या जेवणाला आरोपी ठरवायची घाई. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाने एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. बाहेर तासन्‌तास राहिलेल्या भातातल्या बॅसिलस सेरियसनेही साधारण तसंच होतं. पण साल्मोनेला या जिवाणूला सहा तासांपासून तीन दिवस लागू शकतात. म्हणजे आज रात्री पोट बिघडलं तर दोष दुपारच्या वडापावचा असेल किंवा परवाच्या लग्नातल्या जेवणाचाही. म्हणून मागच्या तीन दिवसांत काय काय खाल्लं याची यादी करा. त्यात कोणी काय खाल्लं आणि कोणाला काहीच झालं नाही हेही लिहा. ज्याने बासुंदी घेतली नाही आणि जो ठणठणीत आहे, तोच कित्येकदा सगळ्यात उपयोगी साक्षीदार ठरतो.

वसतिगृह, लग्न, भंडारा अशा ठिकाणी बरेच जण एकदम आजारी पडले तर अर्ज लिहीत बसू नका. लगेच एफडीएच्या टोल फ्री क्रमांकावर (१८०० २२२ ३६५) आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात कळवा. उरलेलं अन्न फेकून भांडी घासली गेली की तपासायला काही राहत नाही, आणि आपल्याकडे पंगत उठल्यावर भांडी घासायची घाई सगळ्यांनाच असते. आचाऱ्याला सांगून प्रत्येक पदार्थाचा एक-एक डबा बाजूला काढून थंड ठेवा.

## टप्पा ४: समोर कोण आहे ते ओळखा

लेबलवर १४ अंकी क्रमांक शोधा. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे १५, आणि केंद्रीय परवान्याला ००. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ११५ किंवा २१५ ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्रातला, १०० ने सुरू होणारा केंद्रीय.

हा क्रमांक एफएसएसएआयच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाकून पाहा. नाव जुळतं का, पत्ता जुळतो का, परवाना चालू आहे का, आणि ज्या प्रकारच्या व्यवसायासाठी दिला आहे तोच व्यवसाय चालतो का, या चार गोष्टी बघायच्या. नुसता क्रमांक छापलेला आहे यावर समाधान मानू नका. दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही असतात.

लेबलवर दोन नावं असू शकतात, बनवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा. तक्रारीत दोन्ही लिहा. डिलिव्हरी ॲपवरचं ‘रेस्टॉरंट’ हे कित्येकदा एकाच स्वयंपाकघरातून चालणाऱ्या पाच-सात नावांपैकी एक असतं. ॲपवर त्या नावाखाली परवाना क्रमांक दिलेला असतो, त्याचा स्क्रीनशॉट आधी घ्या, कारण यादीतून नावं गायबही होतात. ॲपने पैसे परत दिले म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. तो व्यवहाराचा निकाल झाला, स्वयंपाकघराची तपासणी अजून बाकी आहे.

## टप्पा ५: घरगुती चाचणी कितपत?

एफएसएसएआयने ‘डार्ट’ नावाची घरगुती चाचण्यांची पुस्तिका काढली आहे. त्यातल्या बऱ्याच चाचण्या सोप्या आहेत. दोन-तीन मिली दूध पाच मिली पाण्यात उकळून पूर्ण थंड करायचं, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब घालायचे. निळा रंग आला तर दुधात स्टार्च आहे. थंड न करता थेंब घातले तर रंग नीट येत नाही आणि आपण भेसळीच्या दुधाला निर्मळ ठरवून मोकळे होतो.

पण चाचणीने कळतं ते एवढंच, की स्टार्च आहे. तो कोणी घातला, किती घातला, कुठे घातला, यातलं काही कळत नाही. कायद्यापुढे हा पुरावा नाही, तक्रार करायला कारण आहे. यूट्यूबवर पाहिलेल्या ‘प्लॅस्टिकच्या तांदळा’च्या चाचण्या तर सोडूनच द्या. तांदूळ गरम तव्यावर चिकटला म्हणून घाबरलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्या खऱ्या तक्रारीकडेही मग कार्यालयात कोणी गंभीरपणे बघत नाही.

सावधान: चाचणीसाठी सगळाच पदार्थ वापरू नका. मूळ नमुन्याला हात न लावता वेगळा चमचाभर घ्या.

## टप्पा ६: तक्रार लिहा, आणि मागणी नेमकी करा

‘कठोर कारवाई करावी’ ही मागणी नाही, तो नुसता उद्गार आहे. तुमची अडचण कोणत्या जातीची आहे यावर मागणी ठरते.

पुड्यात झुरळ, खिळा, केस निघाला असेल तर नुसती नमुना तपासणी मागून उपयोग होत नाही. अधिकारी त्याच बॅचचा दुसरा पुडा उचलेल, त्यात झुरळ नसेल, अहवाल ‘प्रमाणित’ येईल आणि फाइल बंद होईल. इथे मागायची असते ती जागेची तपासणी: कारखान्याची, गोदामाची, हॉटेलच्या स्वयंपाकघराची. बाह्य पदार्थ सापडणं (कलम ५४) आणि अस्वच्छ स्थितीत अन्न बनवणं (कलम ५६) यांना वेगळा दंड आहे, दोन्हीला एक लाख रुपयांपर्यंत.

दुधात पाणी, तुपात वनस्पती तूप, हळदीत रंग असा भेसळीचा संशय असेल तर उलट. तिथे त्या दुकानातून कायदेशीर नमुना घेण्याची मागणी करा. जागा चकचकीत असू शकते, माल नसतो.

लेबल खोटं असेल, घटक लपवले असतील, तारीख खोडून नवी चिकटवली असेल, तर तो चुकीच्या लेबलचा गुन्हा (कलम ५२, दंड तीन लाखांपर्यंत). त्यासाठी प्रयोगशाळेची गरज बहुधा लागत नाही, पुडाच बोलतो.

अर्ज साधारण असा असावा:

> प्रति, मा. सहायक आयुक्त (अन्न), अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, (जिल्हा).
>
> विषय: (पदार्थ व ब्रँडचे नाव), बॅच क्र. (…) यामध्ये जिवंत अळ्या आढळल्याबाबत.
>
> मी दि. (…) रोजी (दुकानाचे नाव व पत्ता) येथून वरील पदार्थाचा (वजन) पुडा (रक्कम) रुपयांस खरेदी केला. पावती क्र. (…). पुड्यावर उत्पादन दिनांक (…), मुदत (…), परवाना क्र. (…) छापलेला आहे. दि. (…) रोजी सकाळी (…) वाजता पुडा प्रथमच उघडला असता आत अळ्या आढळल्या. त्या वेळी (…) व (…) हजर होते. पुडा आहे त्या स्थितीत माझ्याकडे सुरक्षित आहे. त्याच बॅचचा एक न उघडलेला पुडाही आहे.
>
> विनंती: १) सदर दुकानातील व पुरवठादाराच्या गोदामातील या बॅचच्या साठ्याची तपासणी व्हावी. २) उत्पादन केंद्राची पाहणी व्हावी. ३) केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी मिळावी.
>
> सोबत: पावतीची प्रत, छायाचित्रे, हजर व्यक्तींच्या सह्यांचा कागद.

यात विशेषण एकही नाही, ते मुद्दाम. ‘नराधम कंपनी’ असं लिहिल्याने अधिकाऱ्याला काही कळत नाही, बॅच नंबरने कळतं. ‘प्रथमच उघडला असता’ हे शब्द मात्र खरे असतील तरच लिहा. पुडा आठवडाभर उघडा असेल तर तसं लिहा. पुढे खोटं पडण्यापेक्षा ते परवडतं.

दाखल करायचे तीन मार्ग: फूड सेफ्टी कनेक्ट ॲप किंवा फॉस्कॉसवरची ग्राहक तक्रार, एफएसएसएआयची हेल्पलाइन (१८०० ११ २१००), आणि जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात प्रत्यक्ष. माझं मत विचाराल तर ॲपवर तक्रार करून तिचा क्रमांक घ्यायचा, तोच क्रमांक लिहून अर्जाची एक प्रत कार्यालयात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

सावधान: व्हिडिओ टाकायचाच असेल तर तक्रारीनंतर टाका. आधी टाकलात तर संध्याकाळपर्यंत दुकानातला तो साठा हललेला असतो. ‘इतके द्या नाहीतर व्हायरल करतो’ असा संदेश चुकूनही पाठवू नका. त्या एका ओळीने तक्रारदाराचा आरोपी होऊ शकतो.

## टप्पा ७: कंपनीचा माणूस दारात येतो तेव्हा

तक्रार पोचली की बहुधा फोन येतो, मग एक नम्र माणूस भेटवस्तूंची पिशवी घेऊन येतो. ‘पुडा द्या, आमच्या लॅबमध्ये तपासतो.’ इथे बहुतेक लोक फसतात. तो पुडा एकदा गेला की परत येत नाही, आणि कंपनीचा अहवाल कंपनीचाच असतो.

द्यायचाच असेल तर एक भाग स्वतःकडे ठेवून, वजन आणि बॅच नंबर लिहिलेली पोच घेऊन द्या. न उघडलेला पुडा कोणालाही देऊ नका. पिशवी घेतल्यावर पुढे केलेल्या कागदावर ‘माझी आता कोणतीही तक्रार नाही’ असं असेल तर सही करण्याआधी विचार करा. ती सही नंतर आयोगापुढे येते.

## टप्पा ८: नमुना तपासायचा आहे? कलम ४० चा सापळा

अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून (नमुने तपासण्यासाठी नेमलेला तज्ज्ञ) नमुना तपासून घेता येतो. पदार्थ दोषी निघाला तर फी परत मिळते आणि अहवाल पुढील कारवाईसाठी सरकारी अधिकाऱ्याकडे जातो. हक्क उत्तम आहे, पण त्याला एक अट आहे: तपासणीसाठी घेतोय हे खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. घरी आणून, उघडून, दोन दिवसांनी ‘आता तपासू या’ म्हटलं तर हे कलम लागू होत नाही.

म्हणून क्रम असा. आधी एफडीए कार्यालयात विचारा: कोणत्या प्रयोगशाळेत, किती नमुना, कोणत्या भांड्यात, फी किती. मग एक जण सोबत घेऊन दुकानात जा. बंद पुडा घ्या, पावती घ्या, आणि ‘हा पदार्थ कलम ४० प्रमाणे विश्लेषणासाठी घेत आहे’ अशा दोन प्रती काढून एक दुकानदाराला द्या, दुसरीवर सही मागा. सही नाकारली तर तसं लिहून सोबत्याची सही घ्या. दुकानातून बाहेर पडल्यावरही पुडा उघडायचा नाही. विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यावा असा नियम आहे.

खासगी प्रयोगशाळेतही जाता येतं, मात्र ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आणि एफएसएसएआयने अधिसूचित केलेली हवी. अहवालावर बहुधा लिहिलेलं असतं की नमुना जसा मिळाला तसा तपासला. म्हणजे तो अमुक दुकानातूनच आला याची हमी प्रयोगशाळा देत नाही. आणि ‘सगळं तपासा’ असं सांगू नका. प्रत्येक घटकाचे पैसे वेगळे लागतात. दुधात स्टार्च आणि युरिया पाहायचा आहे, की जंतू, हे ठरवून जा.

## टप्पा ९: वाट पाहणं आणि पाठपुरावा

अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतो. एक विश्लेषकाकडे जातो. अहवाल विरुद्ध गेला तर व्यावसायिकाला अपिलासाठी ३० दिवस असतात, आणि अपील मान्य झालं तर दुसरा भाग फेरतपासणीसाठी संदर्भ प्रयोगशाळेत जातो. त्यामुळे आठवड्याभरात निकाल मिळणार नाही.

पण महिना उलटला आणि काहीच कळलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. हा नियम विसरून लोक चार पानी कैफियत पाठवतात आणि ती परत येते. ‘माझ्या तक्रारीचं काय झालं?’ असं विचारू नका. मागा: तपासणी अहवालाची प्रत, नमुना घेतल्याची तारीख, विश्लेषकाच्या अहवालाची प्रत, बजावलेल्या नोटिसांच्या प्रती.

फार रेंगाळू नका. अन्न सुरक्षा कायद्यातल्या गुन्ह्यांची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आत घ्यावी लागते. अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारणं नोंदवून मंजुरी दिली तरच ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढते.

## टप्पा १०: भरपाई

खाण्यामुळे इजा झाली असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६५ मध्येच भरपाईची तरतूद आहे: मृत्यू झाल्यास किमान पाच लाख, गंभीर इजेसाठी तीन लाखांपर्यंत, इतर इजेसाठी एक लाखापर्यंत. एफडीएच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे (दंड ठरवणारा अधिकारी) प्रकरण चालू असेल तर ही मागणी लेखी द्या. कोणी आपणहून विचारत नाही.

एरवी मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनी गुरगावची असली तरी. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, म्हणजे तीस रुपयांच्या पुड्याला फीचा प्रश्नच नाही. दावा ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो, वकील सक्तीचा नाही.

आयोगाला पदार्थाचा दोष प्रयोगशाळेशिवाय ठरवता येत नसेल तर तो नमुना सील करून योग्य प्रयोगशाळेत पाठवतो, फी बहुधा तक्रारदाराला भरावी लागते. पहिल्या तासात विकत घेऊन ठेवलेला तो न उघडलेला पुडा इथे लागतो. त्याची मुदत दाव्याच्या तारखेआधी संपणार असेल तर थांबू नका. दावा लवकर दाखल करा आणि नमुना ताबडतोब पाठवण्याचा वेगळा अर्ज पहिल्याच दिवशी जोडा. मुदत संपलेल्या मालात दोष निघाला तर समोरचा वकील तेवढ्यावरच सगळं लढवतो.

दावा करताना दुकानदार, वितरक आणि उत्पादक तिघांनाही पक्षकार करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तो दुसरा तर आयोगापुढे आलेलाच नसतो.